बंदीचा हुकूम कुठेच नव्हता, तरी बारा वर्षं काम नव्हतं

कलाकाराची राजकीय मतं पटत नाहीत म्हणून त्याला काम देऊ नका, अशी मोहीम कुठेही निघाली की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. सरकारने थोडीच बंदी घातलीय, खासगी कंपनी आहे, तिचे पैसे आहेत, कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही ते ती ठरवेल. ऐकायला अगदी बरोबर वाटतं आणि समोरचा गप्पही बसतो. मला मात्र हे म्हणणं मुळापासून चुकीचं वाटतं आणि ते का, हे समजायला अमेरिकेतली १९५० च्या आसपासची वर्षं बघायला हवीत, त्यातही ली ग्रँट या नटीचं आयुष्य बघायला हवं. तिच्यावर कोणत्याही कोर्टाने कसलाही गुन्हा सिद्ध केला नाही, तिला कुणी तुरुंगात टाकलं नाही, तिच्या नावाने सरकारी हुकूम निघाला नाही. तरीही साधारण बारा वर्षं सिनेमा आणि टीव्हीचे दरवाजे तिच्यासाठी जवळजवळ बंदच राहिले.

ली ग्रँट न्यूयॉर्कची. खरं नाव लियोवा रोझेंथाल, ज्यू कुटुंब, आई ओडेसाहून अमेरिकेत आलेली. सॅनफर्ड माइसनर यांच्याकडे अभिनय शिकली. १९४९ मध्ये ब्रॉडवेवर 'डिटेक्टिव्ह स्टोरी' नावाचं नाटक आलं, न्यूयॉर्कच्या एका पोलिस ठाण्यात एका दिवसात जे काय घडतं तेवढंच त्यात आहे, आणि त्यात दुकानातून पर्स चोरली म्हणून पकडून आणलेल्या एका मुलीची छोटीशी भूमिका ग्रँटने केली. १९५१ मध्ये विल्यम वायलरने त्याचा सिनेमा केला, हिरो कर्क डग्लस, आणि चोरटी परत हीच. सिनेमा आजही बघा. मोठे मोठे प्रसंग डग्लस ओढून नेतो, पण ही बाकावर बसून आजूबाजूला टकामका बघत असते, भेदरलेली, थोडी गंमतही वाटतेय, कुणीतरी आपल्याशी दोन शब्द बोलावेत असं वाटतंय, आणि आपलं लक्ष सारखं तिच्याकडे जातं. पहिलाच सिनेमा, आणि त्यासाठी १९५२ मध्ये कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस आणि वर ऑस्करचं नामांकन. विशी-पंचविशीतल्या मुलीला याहून चांगली सुरुवात काय हवी.

आणि नेमकं तेव्हाच सगळं थांबलं.

कारण काय तर एक श्रद्धांजलीचं भाषण. जे. एडवर्ड ब्रॉमबर्ग नावाचा नट होता, ग्रुप थिएटर या नाट्यसंस्थेतून आलेला. हृदयाचा जुना आजार होता. अमेरिकन संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची एक समिती तेव्हा कम्युनिस्ट शोधत फिरत होती, लोक तिला ह्युॲक म्हणायचे. तब्येतीमुळे मुदत वाढवून द्या अशी विनंती करूनही जून १९५१ मध्ये त्याला तिच्यासमोर यावंच लागलं. ओळखीतल्या कम्युनिस्टांची नावं सांग म्हणायचे, त्याने ती सांगितली नाहीत. अमेरिकेत काम मिळेना म्हणून लंडनला नाटक करायला गेला आणि डिसेंबरमध्ये तिथेच हार्ट अटॅकने गेला, वय ४७. त्याच्या स्मरणसभेत ग्रँट बोलली आणि जे तिला वाटत होतं ते बोलली, की या समितीच्या छळाने हा माणूस लवकर गेला. बस, एवढंच. थोड्याच दिवसांत तिचं नाव काळ्या यादीत होतं, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून ज्यांना सिनेमा-टीव्हीत काम द्यायचं नाही अशांच्या यादीत. त्यात तिचा नवरा आर्नल्ड मॅनॉफ हा लेखक, तो आधीच काळ्या यादीत. पुढे तिलाही समितीसमोर बोलावलं गेलं आणि नवऱ्याविरुद्ध साक्ष दे म्हणून सांगितलं गेलं, तिने दिली नाही.

इथे थोडं थांबून बघायला हवं की नावं हवीत कशाला. समितीकडे नावं होतीच! तीच तीच नावं वर्षानुवर्षं वेगवेगळ्या तोंडून परत वदवून घेतली जायची. याच ब्रॉमबर्गचं नाव एप्रिल १९५२ मध्ये दिग्दर्शक एलिया कझानने आपल्या साक्षीत घेतलं, म्हणजे माणूस मरून चार महिने झाले होते, त्याच्याविषयी नवीन कळण्यासारखं काय शिल्लक होतं? माहिती नकोच होती कुणाला. हवं होतं ते साक्षीदाराने आपल्याच माणसांकडे बोट दाखवणं, कारण एकदा ते दाखवलं की तो परत कधी ताठ उभा राहत नाही. म्हणून मला ग्रँटचा नकार फार मोठा वाटतो, तिच्याकडून नवरा मागितला जात होता आणि बदल्यात तिला तिचं करिअर परत देऊ केलं जात होतं. तो संसार नंतर टिकला नाही, १९६० मध्ये घटस्फोट झाला, पण त्याने तिच्या नकाराची किंमत कमी होत नाही, उलट मला ती जास्तच वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. समिती सरकारी होती हे खरं, पण नोकरीवरून काढायचा अधिकार तिला कुठे होता? ती फार तर बोलावणार, विचारणार, उत्तर नाकारलं तर अवमानाची केस करणार, जशी १९४७ मध्ये बोलावलेल्या दहा हॉलीवूडवाल्यांवर झाली आणि ते तुरुंगात गेले. बाकी शेकडो लोकांची रोजीरोटी कुणी बंद केली? स्टुडिओंनी, टीव्ही कंपन्यांनी, जाहिरात एजन्सींनी. नोव्हेंबर १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात स्टुडिओंचे बडे लोक बसले आणि आम्ही कम्युनिस्टांना काम देणार नाही असं स्वतःच जाहीर करून मोकळे झाले. १९५० मध्ये एफबीआयमधून बाहेर पडलेल्या लोकांच्या एका खासगी कंपनीने 'रेड चॅनेल्स' नावाचं पुस्तक छापलं, मुखपृष्ठावर माइक पकडायला निघालेला लाल पंजा, आत १५१ नावं, आणि प्रत्येकापुढे त्याने कुठल्या अर्जावर सही केली, कुठल्या सभेला गेला, कुठल्या संस्थेला मदत केली त्याची जंत्री. गुन्हा एकही नाही. सरकारी शिक्का एकही नाही. पण प्रत्येक जाहिरात एजन्सीच्या टेबलावर ते पुस्तक होतं.

त्या पुस्तकाचा पहिला गाजलेला बळी जीन म्यूर, तीही नाटक-सिनेमातली नटी. ऑगस्ट १९५० मध्ये तिला 'द आल्डरिच फॅमिली' या टीव्ही मालिकेत आईची भूमिका मिळाली होती. पहिला भाग दाखवायच्या आधी मूठभर लोकांनी फोन करून तक्रार केली आणि प्रायोजक जनरल फूड्सने तिला काढून टाकलं. मी कम्युनिस्ट नाही असं ती सांगत होती, पण कंपनीचं म्हणणं ती दोषी आहे असं नव्हतंच मुळी, तिच्याभोवती वाद आहे एवढंच त्यांना पुरेसं होतं. म्हणजे आरोप खरा की खोटा हा प्रश्नच बाद झाला, आरोप झाला यातच शिक्षा आली. कुणालाही संपवायचं तर चार फोन करा, पुरावा नको काही नको.

सिरॅक्यूज गावात लॉरेन्स जॉन्सन नावाचा एक सुपरमार्केटवाला होता, त्याची दुकानं मोजकीच. तो टूथपेस्ट, कॉफी, दूध बनवणाऱ्या कंपन्यांना पत्रं लिहायचा की तुमच्या कार्यक्रमात अमका नट दिसतोय, हे असंच चाललं तर तुमच्या मालाशेजारी पाटी लावीन आणि गिऱ्हाइकांना विचारीन की तुमच्या पैशातून कम्युनिस्टांचे पगार झालेले चालतील का. एका शहरातला दुकानदार! आणि त्याच्या पत्राने न्यूयॉर्कमधल्या मोठ्या एजन्सीतले साहेब लोक हादरायचे, कारण त्यांना नटाचं काहीच पडलेलं नव्हतं, एक नट नाही तर दुसरा, आणि टूथपेस्टचा खप कमी झाला तर आपली नोकरी जाणार. इतकं साधं आहे हे. द्वेष करणारे थोडेच होते. बाकीचे सगळे कशाला उगाच रिस्क घ्या म्हणणारे.

पुढे जॉन हेन्री फॉक या रेडिओवरच्या माणसाने हिंमत करून यादीवाल्यांवर, म्हणजे अशा याद्या करणाऱ्यांवर, बदनामीचा खटला भरला आणि १९६२ मध्ये तो चालला तेव्हा आतली सगळी कामाची पद्धत कोर्टात बाहेर आली. निर्माता डेव्हिड सस्किंडने सांगितलं की एका मालिकेसाठी त्याने एजन्सीकडे पाचेक हजार नावं मंजुरीला पाठवली असतील, त्यातली जवळजवळ एक तृतीयांश परत आली. नट, लेखक, दिग्दर्शक, सगळेच. नाकारलेल्यांत आठेक वर्षांची एक मुलगी होती, तिच्या वडलांवर संशय म्हणून. आणि त्याला सक्त सूचना होती की नाकारलेल्या माणसाला खरं कारण कधीच सांगायचं नाही.

मला वाटतं सगळ्यात वाईट भाग हाच आहे. तू या भूमिकेत बसत नाहीस, वय जुळत नाही, यावेळी वेगळा चेहरा हवाय. नट मुळातच नकार खाणारी जात, दहा ठिकाणी विचारतो तेव्हा एक काम मिळतं, त्यामुळे हा नकार आपल्या अभिनयामुळे आला की नावामुळे हे त्याला कधी कळणारच नाही. तो स्वतःवर शंका घेत राहतो. सरकारने बंदी घातली असती तर निदान कागद असता, तारीख असती, खाली सही असती, तो कागद घेऊन कोर्टात जाता आलं असतं, पेपरात छापता आला असता. इथे भांडायचं कुणाशी? म्हणून मी म्हणते की खासगी बंदी सरकारी बंदीपेक्षा सौम्य असते हा समज सोडून द्या, कित्येकदा ती जास्त भयंकर असते कारण तिच्याविरुद्ध अपील नसतं.

आता याच काळातली एक गोष्ट फार बोलकी आहे. सिनेमा आणि टीव्ही बंद असताना ग्रँट नाटकात काम करत होती. 'टू फॉर द सीसॉ'मध्ये ॲन बॅनक्रॉफ्टनंतर तिने ती भूमिका केली, फ्रेंच नाटककार जाँ जनेच्या 'द मेड्स'साठी १९६४ मध्ये ओबी हा नाटकाचा पुरस्कार मिळवला. ब्रॉडवेने तिला घेतलं आणि सिनेमाने नाही, याचं कारण नाटकवाले मनाने मोठे होते असं कुणी म्हणेल, काही असतीलही. पण मुख्य कारण पैसा कुठून येतो हे होतं. नाटकाला छोटे छोटे गुंतवणूकदार पैसे घालायचे आणि उरलेला पैसा तिकीट खिडकीवरून यायचा, मधे कुठे साबणवाला किंवा कॉफीवाला बसलेला नव्हता ज्याला फोन करून घाबरवता येईल. ज्याला नाटक बघायचं तो तिकीट काढेल, नाही त्याने घरी बसावं. शिवाय नाटकातल्या नटांच्या इक्विटी या युनियनने काळ्या यादीला विरोध केला होता, तर सिनेमातल्या नटांची युनियन स्टुडिओंच्या सुरात सूर मिसळून बसली. म्हणजे देश तोच, कायदा तोच, भीती तीच, नटी तीच, आणि तरी रस्त्याच्या एका बाजूला तिला काम मिळतं आणि दुसऱ्या बाजूला नाही. कलाकाराला मत मांडायचं स्वातंत्र्य किती हे राज्यघटनेत लिहिलेलं असतं ते ठीकच, पण रोजच्या व्यवहारात ते ठरतं त्याचा पगार कोणाच्या खिशातून येतो आणि त्याची युनियन पाठीशी उभी राहते का, यावर.

नाटक होतं ना मग काय बिघडलं, असं मात्र कृपया कुणी म्हणू नका. हे दशक कोणतं होतं ते बघा. १९५० मध्ये अमेरिकेत दहातल्या एका घरातही टीव्ही नव्हता आणि १९६० येईपर्यंत दहातल्या आठ-नऊ घरांत तो आला. एक अख्खं नवीन माध्यम जन्माला आलं, मोठं झालं, त्यातून नवे चेहरे घरोघरी पोचले, आणि ही त्या सगळ्याच्या बाहेर उभी.

आणि इथे मला बाई म्हणून एक गोष्ट बोलायचीच आहे जी काळ्या यादीवरच्या चर्चेत नेहमी मागे पडते. त्या यादीची गोष्ट बहुतेक वेळा पुरुष लेखकांची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि ती थरारक आहेही. डाल्टन ट्रम्बोने दुसऱ्या नावाने लिहिलं आणि त्या खोट्या नावाला १९५७ मध्ये ऑस्कर मिळालं. ग्रँटचा नवरा मॅनॉफही टोपणनावाने टीव्हीसाठी लिहीत होता. पैसे कमी मिळायचे, अपमान व्हायचा, पण हात चालू राहिला, कला गंजली नाही. त्याच घरात त्याची बायको काय करणार होती? लेखकाला दुसरं नाव घेता येतं, नटीने दुसरा चेहरा कुठून आणायचा? आणि वर्षं कोणती गेली, पंचविशीपासून सदतिशीपर्यंतची. हॉलीवूडमध्ये पुरुष पन्नाशीत हिरो असतो आणि बाई पस्तिशीला आईच्या भूमिकेकडे ढकलली जाते, त्यामुळे कागदावर शिक्षा सारखीच दिसली तरी तिची किंमत सारखी नव्हती. लेखक बारा वर्षांनी परत येतो तेव्हा त्याच्याकडे अनुभव असतो. नटी परत येते तेव्हा तिला विचारतात, वय काय तुझं. ग्रँटने पुढे कित्येक वर्षं आपलं वय लपवलं, आजही तिच्या जन्मसालाबद्दल वेगवेगळे आकडे सापडतात, त्यावर हसणाऱ्यांनी आधी हे बघावं की तिची वर्षं कुणी खाल्ली.

उलट बाजूचं म्हणणं मला ऐकू येतं आणि ते मी उडवून लावणार नाही. सोव्हिएत हेरगिरी खोटी नव्हती, अणुबॉम्बची गुपितं खरंच बाहेर गेली. स्टॅलिनच्या राज्यात लाखो माणसं मेली आणि अमेरिकेतले बरेच कम्युनिस्ट तेव्हा त्याकडे डोळेझाक करत होते, मॉस्कोची भूमिका बदलली की यांचीही बदलायची. त्यांच्यावर टीका करा, जोरात करा, त्यांचे सिनेमे बघू नका, थिएटरबाहेर बोर्ड घेऊन उभे राहा, तो तुमचा हक्क आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण दुकानात पर्स चोरणाऱ्या मुलीची भूमिका करणारी नटी कुठलं गुपित बाहेर नेणार होती? हेरांना पकडायला पोलिस होते, कोर्टं होती, ती आपलं काम करत होती. मी सिनेमा बघत नाही हे एक, आणि तुझ्या मालकाला घाबरवून मी तुला कुठेच काम मिळू देणार नाही हे वेगळंच. पहिल्यात मी माझे पैसे वाचवते, दुसऱ्यात मी इतर सगळ्यांच्या वतीने परस्पर निकाल देते, तोही समोरच्याचं न ऐकता.

ट्रम्बो १९७० मध्ये एका भाषणात म्हणाला की त्या काळात खलनायक आणि नायक शोधत बसू नका, सगळे बळीच होते. त्याचं मन मोठं होतं आणि त्याने स्वतः भोगलं होतं, म्हणून तो बोलू शकला. मला मात्र ते पटत नाही. घाबरून एक नाव घेणारा आणि नाव न घेता बारा वर्षं सोसणारी हे दोघं एकाच रांगेत कसे? घाबरलेल्याला माफ करायला माझी काही हरकत नाही, पण माफ करण्यासाठी त्याने काय केलं ते आधी नावानिशी सांगायला लागतं.

ग्रँट परत आली. १९६६ मध्ये 'पेटन प्लेस' मालिकेसाठी एमी हा टीव्हीचा पुरस्कार, मग १९६७ मध्ये 'इन द हीट ऑफ द नाइट'. त्यात ती खून झालेल्या कारखानदाराची बायको आहे. पोलिस ठाण्यात सिडनी पॉइटिए तिला नवरा गेल्याचं सांगतो तो प्रसंग शोधून बघा, आवाज न चढवता, सहानुभूतीचा हात आधी झिडकारून, मग तोच हात धरून केलेला. मग 'शांपू'साठी १९७६ च्या सोहळ्यात ऑस्कर. नंतर ती कॅमेऱ्याच्या मागे गेली आणि मिनेसोटातल्या विलमार गावच्या आठ बँक कर्मचारी बायकांवर माहितीपट केला, बढती पुरुषांनाच मिळते म्हणून डिसेंबर १९७७ मध्ये त्या कडाक्याच्या थंडीत संपावर बसल्या होत्या. १९८६ चा 'डाउन अँड आउट इन अमेरिका' हा तिने दिग्दर्शित केलेला माहितीपट, रेगनच्या काळात बेघर झालेल्या आणि शेती गमावलेल्या लोकांवरचा, त्यालाही ऑस्कर मिळालं. हे सगळं दाखवून लोक म्हणतात, बघा, शेवटी गुणवत्ता वर आलीच की. नाही, अशी बक्षिसांची यादी जीन म्यूरची होत नाही. फिलिप लोब नावाच्या नटाला 'द गोल्डबर्ग्ज' मालिकेतून जावं लागलं आणि १९५५ मध्ये त्याने आत्महत्या केली, त्याचीही होत नाही. एक बाई बारा वर्षांनी तगून परत आली हा तिचा चिवटपणा आहे, व्यवस्थेचा चांगुलपणा नाही.

१९५२ च्या ज्या ऑस्करमध्ये ग्रँटला नामांकन होतं ते बक्षीस किम हंटरला मिळालं होतं, 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'साठी. काही काळातच तिचंही काम बंद झालं. फॉकच्या खटल्यात तिने उभं राहून सांगितलं की नाव साफ करून देण्यासाठी यादीवाल्याने आधी फी मागितली, आणि नंतर युनियनच्या सभेला यादीवाल्यांच्या बाजूने तार पाठवायला लावली, त्यानंतर काम यायला लागलं. ज्युरीने फॉकला ३५ लाख डॉलर द्या म्हणून सांगितलं, वरच्या कोर्टाने ते साडेपाच लाखांवर आणले, पण यादीचा धंदा त्यानंतर परत उभा राहिला नाही, कारण पहिल्यांदाच यादी करणाऱ्याला यादी केल्याचा खर्च आला. म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती कुठल्याही देशातल्या नाटक-सिनेमा-टीव्हीच्या युनियनला लागू होते. राजकीय मतामुळे कुणाला काढलं असेल तर ते कारण लेखी द्यायला लावा, करारातच तसं कलम घाला, आणि आपल्या सदस्याचं मत आपल्याला आवडत नसलं तरी त्याच्या वतीने कोर्टात जा.